इतवाऱ्यातल्या टेलरचाचांनी शिवलेले ८ शर्ट, ४ पँटी : २ वर्षं फिलिपिन्समधे घालून मग लिहायलोय

नांदेडला इतवाऱ्यात एक टेलर आहेत, आम्ही त्यांना चाचाच म्हणतो. दुकानाचं नाव टाकू नको म्हणून त्यांनीच सांगितलंय, एकटे शिवतात, हाताखाली काज-बटनाला एकच पोरगा आहे, गर्दी झेपत नाही. म्हणून नाव देत नाही, पण रिव्ह्यू द्यायचाच होता मला. लोक कपडे घरी आणून एकदा घालून बघतात आणि लगेच स्टार देऊन टाकतात, मी तेच कपडे २ वर्षं आठवड्यातले सहा दिवस घातले, बादलीत धुतले, पावसात भिजवले, तीनदा घर बदललं तेव्हा बॅगेत कोंबले, आणि आता परत आल्यावर लिहायलोय.

आधी हे सांगतो की २ वर्षं एकसारखे कपडे कशाला. मी चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सचा मेंबर आहे, लोक मॉर्मन म्हणतात ते. आमच्या घरात आजोबांपासून ख्रिश्चनच आहेत पण ह्या चर्चमधे मी एकटाच, शिकायला मामाकडे हैदराबादला होतो तिथं बाप्तिस्मा घेतला. भारतातलं पहिलं स्टेक, म्हणजे बऱ्याच शाखा मिळून होणारा मोठा विभाग, २०१२ साली हैदराबादलाच झालं, त्यामुळं तिथं मेंबर बऱ्यापैकी आहेत. आमच्यात १८ वर्षं झाली की मुलगा मिशनवर, म्हणजे घर सोडून लांब राहून लोकांना आमच्या धर्माबद्दल शिकवायला, जाऊ शकतो, २४ महिने, मुलींचं मिशन १८ महिन्यांचं असतं. पगार नसतो, उलट आपणच किंवा घरच्यांनी खर्चाला हातभार लावायचा. आणि कुठं जायचं ते आपण ठरवत नाही, अर्ज करायचा आणि वाट बघायची, मग पत्र येतं. माझं आलं फिलिपिन्समधल्या इलोइलोचं. मी त्याआधी इलोइलो हा शब्द पण ऐकला नव्हता, बाबांनी मोबाईलवर नकाशा मोठा करकरून पानाय बेट शोधलं आणि आईनं पहिला प्रश्न विचारला, तिथं भाकरी मिळती का.

पत्रासोबत कपड्यांची यादी असते. पांढरे शर्ट, गडद रंगाच्या पँटी, साधे काळे बूट. २०२० पासून काही भागांत फिकट निळा शर्ट पण चालतो आणि टायची सवलत पण मिळू शकते, आमच्याकडं निळा चालत होता. मी आधी शहाणपणा म्हणून हैदराबादला एका मोठ्या दुकानातून रेडिमेड दोन पँटी आणि दोन शर्ट घेतले, दुकानाचं नाव घेत नाही, ते वरून एकदम झकास दिसत होते. बाबा म्हणले की दोन वर्षांचं काम आहे, इतवाऱ्यात चाचांकडं जाऊन ये. बाबा एसटीत मेकॅनिक होते, त्यांचे युनिफॉर्म तिथंच शिवले जायचे.

२०२२ चा मे महिना, दुपारचं ऊन असं की बाहेर बाइकच्या सीटवर हात ठेवता येत नव्हता. चाचांनी यादी ऐकली, चष्मा कपाळावर घेतला आणि माप घ्यायच्या आधी प्रश्नच सुरू केले. रोज किती चालावं लागतं, कशावर बसणार, सायकल आहे का, कपडे कोण धुणार, मशीन आहे का हातानं, इस्त्री रोज करणार का. मी म्हणलो, चाचा मलाच माहीत नाही अजून. तर म्हणाले, "मालूम करके आओ बेटा, मैं कपडा तेरे बदन का नै सिलता, तेरे काम का सिलता." मी खरंच घरी जाऊन मिशन करून आलेल्या चर्चमधल्या एका मोठ्या मुलाला हैदराबादला फोन लावला, सगळं विचारून परत गेलो.

चहा मागवला त्यांनी. आमच्यात चहा कॉफी दारू तंबाखू काही चालत नाही, १८३३ सालच्या उपदेशातून आलेला नियम आहे, आणि मराठवाड्यात चहाला नाही म्हणणं म्हणजे समोरच्याला वाईट वाटतं, मला दरवेळी तोंड उघडायच्या आधीच ओशाळल्यासारखं होतं. चाचांना सांगितलं तर त्यांनी फक्त मान हलवली आणि पोराला म्हणाले, लिंबूपाणी ला. नंतर मी जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा न विचारता लिंबूपाणीच आलं. एका शब्दानं कधी काहून म्हणून विचारलं नाही.

आता कामाचं. कापड आमचंच होतं, पण कोणतं घ्यायचं ते चाचांनी सांगितलं. मी प्युअर कॉटन घेणार होतो कारण तिकडं गरम असतं. ते म्हणाले नक्को, कॉटनला रोज इस्त्री लागते आणि दमट हवेत वाळत नाही, टेरिकॉट घे, ज्यात पॉलिस्टर ६५ आणि कॉटन ३५ असतं ते. सहा पांढरे, दोन फिकट निळे, सगळे हाफ. चार पँटी, दोन काळ्या दोन गडद निळ्या. शिलाई शर्टाची ३०० आणि पँटची ४००, म्हणजे शिलाईचे झाले ४०००, कापडाचे वेगळे. आता भाव थोडा वाढलाय.

शिवताना त्यांनी जे केलं ते मला तेव्हा कळलं पण नव्हतं, तिकडं गेल्यावर एकेक कळत गेलं. काखेत वेगळी कळी टाकली होती, म्हणजे हात वर केला की शर्ट पँटीतून वर ओढला जात नाही. खांद्याच्या योकला आणि बाजूच्या शिवणीला डबल शिलाई. पँटच्या आसनाला आतून त्याच कापडाचा चौकोनी तुकडा, डबल केलेला. कमरेत मागं दोन इंच मार्जिन, खाली पायाला पण दोन इंच दाबलेलं. आणि खिसा. खिशाच्या तोंडाला आतून एक जादा पट्टी लावली होती. कारण मी त्यांना सांगितलं होतं की काळी नावाची पाटी असते, त्यावर माझं आडनाव आणि चर्चचं नाव, ती रोज छातीवर खिशापाशी लागणार. ते म्हणाले तर मग खिसा लोंबणार, पट्टी टाकतो.

त्या पाटीचं थोडं सांगतो. मनिलाच्या ट्रेनिंग सेंटरमधे काही आठवडे भाषा आणि शिकवायची पद्धत शिकवतात, तिथं ती मिळते. त्या दिवसापासून २ वर्षं तुमचं पहिलं नाव कोणी घेत नाही, मुलगा असला की एल्डर आणि पुढं आडनाव, मुलगी असली की सिस्टर. एल्डर म्हणजे वडीलधारा. १९ वर्षाच्या पोराला वडीलधारा म्हणायलेत हे ऐकून आमची आजी फोनवर कितीतरी वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, मग तसा वाग. ती पाटी खिशाला लावली की मी दुकानात असो, रस्त्यात असो, रांगेत असो, चिडायची सोय राहत नाही. पाटी खाली झुकलेली दिसली की मी सरळ करायचो, दिवसातून दहा वेळा हात तिथंच जायचा, आणि आठही शर्टांचे खिसे शेवटपर्यंत लोंबले नाहीत. रेडिमेडचे दोन महिन्यांत लोंबले.

रोजचा दिवस कसा असतो ते लिहितो, त्याशिवाय कपड्यांचं काय झालं ते कळणार नाही. सकाळी ६:३० ला उठायचं. व्यायाम, प्रार्थना, नाश्ता, अंघोळ, मग अभ्यास, आधी एकट्याचा मग जोडीदारासोबत, भाषेचा वेगळा. १० च्या आसपास बाहेर पडायचं. दिवसभर चालणं, लोकांना भेटणं, कोणी बोलावलं तर घरी जाऊन शिकवणं, कुणाच्या घरी छप्पर घालायला किंवा शेतात मदत, रात्री ९ पर्यंत घरी, दुसऱ्या दिवसाचं प्लॅनिंग, १०:३० ला दिवे बंद. सिनेमा नाही, टीव्ही नाही, मुलींसोबत फिरणं नाही. आणि एकटं राहायचं नाही, कधीच नाही. कायम एक जोडीदार असतो, तो ठरवून दिलेला असतो, दर सहा आठवड्यांनी बदलीची शक्यता, कधी तो जातो कधी तुम्ही जाता. मी एकूण नऊ जणांसोबत राहिलो. एकाच खोलीत, एकाच बादलीवर, एकाच दोरीवर.

सोमवार हा आमचा तयारीचा दिवस असायचा. कपडे धुणं, बाजार, केस कापणं, घरी फोन. आधीच्या काळात मिशनऱ्यांना घरी वर्षातून दोनदाच फोन करता यायचा, २०१९ पासून दर आठवड्याला करता येतो, व्हिडिओ कॉल पण चालतो. मी दर सोमवारी सकाळी कपडे भिजत घालून आईला फोन लावायचो. तिकडं आपल्यापेक्षा अडीच तास पुढं असतं, आईचा सकाळचा स्वयंपाक चालू असायचा, फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायची, मला तव्यावरची भाकरी दिसायची आणि तिला माझ्या मागची दोरी. ती कपडे मोजायची. एकदा म्हणाली सातच आहेत, आठवा कुठंय. आठवा अंगात होता.

धुणं हातानंच. आपल्याकडं असतं तसंच, मोठं टब, डबडं पाण्याचं, तिकडं त्या मगला ताबो म्हणतात. पांढऱ्या कॉलरला काळी पट्टी धरते घामाची, ती आधी साबण लावून बोटांनी चोळायची, ब्रश मारला की कॉलर लवकर विरते, हे पण चाचांनीच सांगितलं होतं. माझा एक जोडीदार अमेरिकेतल्या आयडाहोचा होता, चांगला पोरगा, शेतकऱ्याचा, पण हातानं कपडे कधी धुतलेले नव्हते, पहिल्या सोमवारी तो शर्ट टॉवेलसारखा पिळायला लागला. मी त्याला दाखवलं की पांढरा शर्ट पिळायचा नाही, दाबून पाणी काढायचं, झटकायचं, आणि कॉलरकडून नाही तर खालच्या काठाकडून चिमटा लावायचा. त्याचे शर्ट इस्त्री न लागणारे होते, महागडे, एकेक माझ्या आठही शर्टांच्या शिलाईएवढा असंल. दहा महिन्यांत त्याची चार बटनं तुटली, सगळी मशीनच्या पातळ टाक्यांची. चाचांकडं बटन पोरगा हातानं लावतो आणि खाली दोऱ्याचे वेढे देतो, २ वर्षांत माझं एकच बटन गेलं, ते पण दोरीच्या तारेत अडकून.

पाऊस. आपल्याकडं पाऊस आला तर आनंद असतो, मराठवाड्यात वाट बघून डोळे दुखतात, तिकडं जूनपासून सुरू झाला की शर्ट वाळायला दोन दिवस. कॉटन घेतलं असतं तर कुबट वास घेऊन लोकांच्या दारात उभं राहावं लागलं असतं. टेरिकॉट रात्री पंख्याखाली टाकला की सकाळी घालण्यालायक व्हायचा, लाइट असली तर. लाइट गेली की तिकडं ब्राउनआउट म्हणतात, लोडशेडिंगची सवय असल्यामुळं मला त्याचं काही वाटलं नाही.

२०२२ च्या ऑक्टोबरच्या शेवटी पाएंग नावाचं तुफान आलं, पानाय बेटावर बऱ्याच ठिकाणी पूर आले. विष्णुपुरीचे दरवाजे उघडल्यावर गोदावरी कशी फुगते ते बघत मोठा झालोय, पण घरात छातीएवढा चिखल मी पहिल्यांदाच बघितला. तेव्हा आम्ही पिवळे जॅकेट घालून, चर्चच्या मदतकार्याचे ते असतात, आठवडाभर फावड्यानं चिखल काढला. अशा कामाला पांढरा शर्ट नसतो, टीशर्ट आणि जुनी पँट चालते. माझ्याकडं जुनी पँट म्हणजे तीच रेडिमेडची, ती दुसऱ्या दिवशी वाकल्यावर आसनात टर्रकन फाटली. मग चाचांची गडद निळी घातली आणि पुढचे सगळे दिवस तिच्यावरच काढले. एका म्हाताऱ्या आजीच्या घरातून आम्ही तिचं लग्नातलं कपाट बाहेर काढलं, तिनं स्टोव्हवर भात टाकला आणि म्हणाली काओन ता. म्हणजे या जेवायला. तिकडं कोणी जेवत असलं आणि तुम्ही नुसते जवळून गेलात तरी काओन ता म्हणतात. घर चिखलानं भरलेलं आणि ती जेवायला बोलवायली होती, मला भोकरला आमची आत्या आठवली, ती पण दारातून कोणाला तसंच जाऊ देत नाही. तिथं लहान पोरं मोठ्यांचा हात हातात घेऊन कपाळाला लावतात, आपण पाया पडतो तसं, मी पण त्या आजीचा हात कपाळाला लावला.

पँटची खरी परीक्षा जीपनीत होते. जीपनी म्हणजे त्यांची काळीपिवळी समजा, लांबलचक, मागून चढायचं, छत बुटकं, दोन्ही बाजूला समोरासमोर बाकडी. एक पाय उंच टाकून, कंबरेत वाकून, तसंच वाकत आत सरकायचं, पैसे शेजाऱ्याच्या हातात द्यायचे ते हातोहात ड्रायव्हरपर्यंत जातात, उतरायचं असलं की लुगार लांग म्हणून ओरडायचं. दिवसातून चार-सहा वेळा हे. आसनाला टाकलेल्या त्या तुकड्याची किंमत मला तिथं कळली. दीड वर्षानंतर तो तुकडा झिजला, वरची पँट शाबूत होती.

आता दोष पण लिहितो, नाहीतर रिव्ह्यू कशाला म्हणायचं.

पहिलं, वेळ. चाचांनी २० तारीख दिली होती आणि कपडे २४ ला दिले. मला २५ ला देवगिरी एक्स्प्रेसनं सिकंदराबादला निघायचं होतं, त्या चार दिवसांत घरात रडारड व्हायची पाळी आली. तुम्हाला प्रवासाला जायचं असंल तर खरी तारीख सांगू नका, आठ दिवस आधीची सांगा. लग्नसराईत आणि रमजानमधे तर पंधरा दिवस.

दुसरं, निळे शर्ट. शिवणीत काही खोट नव्हती पण कापडाचा रंग टिकला नाही, सहा महिन्यांत खांद्यावर पांढुरका पट्टा पडला. कापड आमचं होतं, पण दाखवलं तेव्हा चाचांनी एक तुकडा भिजवून बघायला सांगायला पाहिजे होतं, मी आल्यावर त्यांना तसं बोललो आणि त्यांनी मान्य केलं.

तिसरं, कॉलर. सहातल्या दोन शर्टांना घाईत फ्युजिंगची कॉलर लावली होती, चिकटवतात ती, तीन महिन्यांत त्यावर फोड आल्यासारखं झालं. बाकीच्यांना जुन्या पद्धतीचं शिवलेलं बकरम होतं, त्या शेवटपर्यंत ताठ. तुम्ही गेलात तर आधीच सांगा की शिवलेली कॉलर पाहिजे, ४० रुपये जादा घेतात, द्या.

त्या फोड आलेल्या कॉलरपायी एक गोष्ट झाली. इलोइलोच्या बाजारात एक बाई शिलाई मशीन घेऊन बसायच्या, चेन बदलणं, आल्टर असली कामं. त्यांच्याकडं तो शर्ट घेऊन गेलो. त्यांनी शर्ट उलटा केला, शिवणीवरून बोट फिरवत काखेपर्यंत गेल्या, कळीपाशी थांबल्या, परत खिशाची पट्टी बघितली. मग मला त्यांच्या भाषेत विचारलं हे कोणी शिवलं. माझी हिलिगायनोन तेव्हा कच्ची होती, मी म्हणलो भारतात, माझ्या गावचे काका. त्या म्हणाल्या काका घाई करत नाहीत. मी सांगणार होतो की ह्याच कॉलरला केली होती, पण तेवढी भाषा येत नव्हती. त्यांनी कॉलर उसवली, आतलं फ्युजिंग काढून टाकलं, त्यांच्याकडचं जाड कापड घालून परत शिवली आणि पैसे घेतले नाहीत. घरापासून इतक्या लांब कोणीतरी चाचांची शिवण ओळखली ह्याचा मला फार आधार वाटला, तो काळ माझा जड चालू होता, जोडीदाराशी पटत नव्हतं, आठवडाभर कोणी दार उघडून दोन मिनिटं बोललं नव्हतं. आजी आजारी असल्याचं पण त्याच सोमवारी कळलं होतं. मिशन मधेच सोडून घरी येता येतं, कोणी बांधून ठेवत नाही. त्या रात्री मी इस्त्री करत बसलो, सगळे शर्ट केले, जोडीदाराचे पण केले, आणि सकाळी ६:३० ला उठलो.

आजी आहेत अजून, चांगल्या आहेत.

२०२४ च्या जूनमधे परत आलो. आठातले पाच शर्ट परत आले, एक तिथल्या नवीन मिशनरी पोराला दिला, दोन निळे पुसायला गेले. पँटी तीन आल्या. मागच्या महिन्यात मी ते सगळं पिशवीत घालून चाचांकडं गेलो, दाखवायलाच. लिंबूपाणी आलं. त्यांनी एकेक शर्ट खिडकीच्या उजेडात धरून बघितला, कॉलरच्या घडीवर जिथं विरलंय तिथं नखानं दाबून बघितलं आणि म्हणाले, पलटी करके देतूं. कॉलर पलटी म्हणजे उसवून विरलेली बाजू खाली घालायची आणि चांगली बाजू वर आणायची, हे काम आता नांदेडमधे फार कमी लोक करतात, चाचा ६० रुपयात करतात आणि ती कॉलर नव्यासारखी दिसते. पाचातल्या चार शर्टांच्या करून घेतल्या, आता नोकरीवर तेच घालतोय.

इलोइलोच्या बाईंनी शिवलेली कॉलर मात्र त्यांनी उसवली नाही. बराच वेळ टाके बघत बसले, मग तो शर्ट तसाच घडी करून माझ्याकडं दिला, ये रैने दे.

जायचं असंल तर संध्याकाळी ५ नंतर जा, शुक्रवारी दुपारी बंद असतं. फोन उचलत नाहीत. माप स्वतः घेतात, पोराला घेऊ देत नाहीत, आणि जुन्या मापांची वही ठेवतात. माझं २०२२ चं पान अजून होतं, कंबर ३४. त्यावर त्यांनी रेघ मारली, टेप लावला, शेजारी ३१ लिहिलं आणि पोराला म्हणाले, पँटच्या कमरेतलं मार्जिन खोलायला ठेवलं होतं, आता आत घ्यावं लागतंय.

५ पैकी साडेचार. अर्धा चार दिवस उशिराचा कापला.